फ्यूज कोणाच्या खिशात?

गुलाबभाऊ गेल्याचं मला अमडापूरच्या बाजारात कळलं. हातातली मेथीची जुडी तशीच खाली ठेवली अन् अंगाला दरदरून घाम सुटला. दुःख मागून आलं. आधी भीती वाटली, खोटं कशाला बोलू? महिनाभरापूर्वी भेटायला गेलो, तेव्हा खाटेवरून त्यांनी विचारलं होतं, "पोट्ट्याइले सांगतली का बे ते गोष्ट?" मी म्हणालो, "हाव, भाऊ." त्यांनी समाधानानं डोळे मिटले. कचेरीतल्या नव्या पोरांना मी सांगितली नव्हती... दहा वर्षांत कोणालाच सांगितली नव्हती.

भाऊ आमच्या वीज कचेरीतले जुने लाइनमन. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, आमच्याकडे शेतांत खांब नुकते उभे राहत होते. मी नवाच लागलेलो, खांबावर चढायचं टाळायचो. भाऊ चौथी पास, पण नव्या यंत्राचं इंग्रजी पुस्तक आलं की माझ्यापुढं मांडी घालून बसायचे, "हे काय लिवलं, सांग मले." आणि रोज सकाळी चहा उकळेपर्यंत त्यांचा एक दंडक होता. प्रत्येकानं आपली कालची चूक सांगायची अन् तिच्यातून काय शिकलो तेही. कोणी हसायचं नाही, साहेबाच्या कानावर घालायचं नाही. सुरुवात ते स्वतःपासून करत.

दुसरी रीत कामाची. खांबावर चढण्याआधी डीपीतले, म्हणजे ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीतले, तिन्ही फ्यूज काढायचे अन् ज्यानं काढले त्यानंच खिशात ठेवायचे, म्हणजे दुसरं कोणी वीज सुरू करू शकणार नाही. चढणारा ओरडून विचारी, "फ्यूज कोनाच्या खिशात?" खालून उत्तर आलं, "माह्या!" की मगच तो चढे.

एक दिवस एका मळ्यात तारेचं काम होतं, अन् फ्यूज मी काढले होते. चिनी मातीचे ते जड ठोकळे मांडीला टोचत होते, म्हणून डीपीच्या पेटीवर ठेवले अन् पाणी प्यायला बांधावर गेलो. भाऊंनी विचारलं. मी तिथूनच ओरडलो, "माह्या!" इकडे पंप बंद असल्यानं मळेवाल्याची मिरची सुकत होती. त्याला वाटलं काम उरकलं. त्यानं फ्यूज बसवले. भाऊंनी तारेला हात लावण्याआधी नेहमीप्रमाणे वीज जमिनीत उतरवणारी साखळी तारांवर टाकली, म्हणून वाचले. धाडकन् आवाज झाला, निळा जाळ उठला. अरे देवा! मला वाटलं, गेले. ते खाली उतरले. माझ्या रिकाम्या खिशाकडं पाहिलं अन् एवढंच म्हणाले, "पानी दे."

दुसऱ्या सकाळी माझी पाळी आली. नोकरी जाईल, घरी तोंड कसं दाखवू... "पान्हा इसरलो होतो," असं काहीतरी सांगून मोकळा झालो. भाऊ म्हणाले, "काल म्या निस्त्या आवाजावर भरोसा ठेवला. आता खिसा चाचपल्याबिगर चढनार नाही." माझं नाव घेतलं नाही. मागून एकट्याला गाठून म्हणाले, "हे गोष्ट तुह्या तोंडून आली तं दुसऱ्याच्या कामी येईन. म्या वाट पाहीन."

तेव्हापासून सगळे खिसा चाचपू लागले. कोणाच्या चुकीमुळे, ते मात्र आम्हा दोघांनाच माहीत. भाऊ रिटायर झाले, नवी माणसं आली अन् खिसा चाचपायची रीत सुटत गेली. मोठा लाइनमन झालो, तरी मीही गप्पच. माझ्यासारखा भित्रा मीच.

भाऊंच्या तेरवीनंतर चार दिवसांनी, सकाळी कचेरीत चहा उकळत असताना, मी सगळं सांगून टाकलं. कोणी हसलं नाही. आमच्यातला सगळ्यात हुशार वासुदेव खाली मान घालून बसला होता. तो हळूच मला म्हणाला, "भाऊ, काल म्या बी 'माह्या' म्हनलं... खिशात काहीच नव्हतं."

काल खांबावर मी होतो.

चहा तसाच राहिला. त्या दिवशी मळ्यात पोचल्यावर चढण्याआधी वासुदेवच्या खिशाला हात लावला. तिन्ही फ्यूज होते. तरी मी पुन्हा एकदा मोजले, अन् मगच पहिला पाय वर टाकला.