डिशवाली आत्या आणि राखून ठेवलेला शेवट

मला तारा जोडायला डिशवाल्या आत्यानं शिकवलं, हे आधी सांगते. आज हैदराबादेत कारखान्यात तेच काम करून मी चार घास खाते, ते तिच्यामुळे. आमच्या खोडाळ्याच्या आजूबाजूच्या पाड्यांवर कुणाकडे डिश बसवायची असली की ती लुगड्याचा काष्टा आवळून छपरावर चढायची. एक कौल फुटायचं नाही.

आठवीत शाळा सोडून मी तोंड लपवून घरात बसले होते, तेव्हा तिनंच मला ओढून टीव्हीसमोर उभं केलं. वरून तिची हाक, "आला का गं सिग्नल?" मी खालून, "आला... आला... गेला!"

"गेला? तू डोळे फाडून बघतेस, लाजला असंल तो!"

तिला एका मालिकेचं वेड होतं. अंतराळात वाट चुकलेलं यान, आणि वर्षानुवर्षं पृथ्वीकडे परत निघालेली त्यातली माणसं. मालिका हिंदीत. आत्या अंगणात जमलेल्या म्हाताऱ्यांना ती आमच्या बोलीत समजावायची. "आपल्यासारखीच जगायला गेलीत बिचारी," म्हणायची. "येतील होळीला."

शेवटचा भाग लागला तेव्हा अर्धा पाडा जगायला वीटभट्ट्यांवर गेला होता, तो होळीलाच परतायचा. आत्यानं तो पेनड्राइव्हवर उतरवून घेतला आणि भाताच्या कणगीत ठेवून दिला. नवं भात देवाला दाखवून सगळ्यांनी मिळून खाल्ल्याशिवाय आमच्याकडे कुणी तोंडात घालत नाही. "शेवट पण तसाच," ती फोनवर म्हणाली. "सगळी आली की बघू. तू पण ये. तवर बघू नको." मी हो म्हटलं.

मला राहवलं नाही. खोलीवर एकटीनं मोबाइलवर बघितला. यान कधी निघालंच नव्हतं. ती सगळी माणसं एका प्रयोगशाळेत झोपलेली, यान आणि परतीची वाट म्हणजे नुसता भास. कुणी घरी पोचलंच नाही. तसाच आत्याला फोन लावला. "आत्या, बघू नकोस गं. फसवलं त्यांनी. कुणीच परतत नाही."

ती हळूच म्हणाली, "असला शेवट एकटीनं बघितलास होय? त्यासाठीच तर थांबलो होतो गं."

रागावली असती तर बरं झालं असतं.

होळीला मला सुट्टी मिळाली नाही. आई सांगत होती, आत्यानं ठरल्याप्रमाणे सगळ्यांना बसवून तो भाग दाखवला. लोकांनी भरपूर शिव्या घातल्या. एक म्हातारा म्हणाला, "इतकी वर्सं झोपाच काढल्या का रं यांनी?" अंगण हसलं आणि मालिकेचं वाईट वाटणं त्या हसण्यातच जिरून गेलं. आत्या तेवढी गप्प बसून होती. तिला सगळं आधीच ठाऊक होतं. मी सांगितलं होतं ना, तिला एकटीला.

आता तिचे गुडघे तिला छपरावर चढू देत नाहीत. सुपरवायझर सुट्टी देईल की नाही, याची मला आत्तापासूनच धास्ती आहे. पण पुढच्या होळीला मी घरी जाणार. डिश बसवायला मी वर चढेन, खालून ती ओरडेल. मग तो भाग पुन्हा लावायला सांगेन, आणि तिला खेटून बसून शेवटपर्यंत बघेन. आत्या, एवढं तरी मी फेडीन.