कुरडई आणि दुसरा हाफ

शिवाजी पेठेत पोट बिघडणं ही खासगी गोष्ट नसते. पेठेच्या फुटबॉल संघात मी डाव्या बाजूला खेळायचो. पहिल्या हाफमध्ये कुणाच्या हाती लागायचो नाही, पण दुसरा सुरू झाला की पोट फुगायचं, मुरडा यायचा आणि मी वाकून मैदानाबाहेर. प्रेक्षकांतून लगेच आरोळी, "निघालं बघा हाफटाइमचं पावणं!" डॉक्टरांच्या तपासण्यांत काही सापडत नव्हतं. शेवटी कप्तानानं तोंडावर सांगितलं, "फायनलला अर्ध्यात बाहेर आलास, तर तुझी जर्सी दुसऱ्याला देणार." त्या जर्सीवर माझा जीव होता.

ही दोन हजार सालानंतरची गोष्ट. राधानगरीला मामाकडे राहिलो होतो, तेव्हा भात आणि नाचणीच्या भाकरीवर माझं पोट अगदी गप्प होतं. ते आठवत असतानाच सलूनमधल्या एका जुन्या पुरवणीत 'ग्लुटेन' हा शब्द भेटला. गव्हातला चिकट भाग, काहींना सोसत नाही म्हणे. ठरवलं, फायनलपर्यंत गहू बंद. प्रयोग माझा आणि उंदीरही मीच.

"कुठल्या देवाचं धरलंयस?" आईनं विचारलं. देव नाही म्हटल्यावर तिला काळजीच वाटली. पोरगं चपातीविना वाळेल म्हणून ती शाळूच्या भाकरीबरोबर मला रोज ताटभर कुरडया तळून वाढू लागली. सरावानंतर सगळे मिसळीत ब्रेड बुडवायचे आणि मी टेबलाखाली रुमालातली भाकरी मोडायचो. कप्तानानं ते पाहिलंच. "मिसळीबरोबर भाकरी? पेठेची लाज काढलीस की!"

एवढं सोसूनही पोट जैसे थे. मी प्रयोग गुंडाळायच्या बेतात होतो.

मग उन्हाळी वाळवणं सुरू झाली. एका सकाळी गच्चीवर आई शिजवलेला चीक सोऱ्यात भरत होती आणि मी सोऱ्या फिरवत होतो. शेजारच्या पातेल्यात भिजवलेल्या गव्हाचा चोथा होता. त्याचा आंबूस वास नाकात शिरला आणि माझा हात थांबला.

"आई, हा गहूच हाय की!"

"मग काय दगडाचा चीक काढत्यात व्हय?"

"अगं, मी गहू सोडलाय!"

"कुरडई म्हंजे चपाती हाय व्हय?" ती ठामपणे म्हणाली. मीही इतके दिवस तेच धरून चाललो होतो. दोघंही हसत सुटलो. त्या दिवसापासून कुरडई बंद झाली आणि फायनलच्या आत पोट असं हलकं झालं, की मलाच खरं वाटेना.

फायनलचा दुसरा हाफ सुरू झाला. "पावणं, चला घरी!" आरोळी आली. मी गेलो नाही, पळत राहिलो. शेवटी शेवटी डावीकडून मीच उचललेला चेंडू कप्तानानं डोक्यानं जाळ्यात घातला आणि अख्खी पेठ मैदानात उतरली. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

गुलालानं माखलेले आम्ही मिसळीला बसलो. ब्रेडची थाळी आली. कप्तानानं ती बाजूला सारली आणि माझ्यापुढं हात पसरला.

"काढ ती भाकरी वर."

पहिला तुकडा त्यानं मोडला, मग सगळ्यांनी. माझ्या वाट्याला कोपरा तेवढा उरला. पण इतकं पोट कधी भरल्याचं मला आठवत नाही.