जेवायला पणजीला

शाळेत नोकरी करते म्हटलं की लोक मुलांचे किस्से विचारतात. आमच्या कसालच्या शाळेतली मुलं शहाणी आहेत. किस्से घडतात ते स्टाफरूममध्ये. कोणी ते जपून ठेवत नाही, पण मधल्या सुट्टीत चहा यायला जरा उशीर झाला की एकेक आपोआप वर येतो, आणि त्यातले निम्मे तरी आमच्या पणजीच्या ट्रिपचे असतात.

आम्ही चौघं. मी मराठी शिकवते. सावंत बाई इतिहास शिकवतात आणि आता रिटायरमेंटला आल्या आहेत. परब सर गणिताचे. दीपाली विज्ञानाची, आमच्यात सगळ्यात लहान, माहेर आरोंद्याचं. ट्रिपची कल्पना तिची. पणजीत एका जुन्या पोर्तुगीज घरात एक आंटी मोजकी टेबलं मांडून जेवायला घालतात आणि प्रत्येक पदार्थाबरोबर वेगळी वाइन देतात, असं तिनं मोबाइलवर दाखवलं. शनिवारी जायचं, खायचं, प्यायचं, गल्ल्यांतून हिंडायचं आणि रविवारी परत.

गोवा आम्हाला नवीन नाही. पण आम्ही जातो ते देवाला, लग्नाला नाहीतर दवाखान्यात. नुसतं जेवायला म्हणून आमच्यातलं कोणी कधी गेलेलं नव्हतं.

* * *

पहिला प्रश्न, घरी काय सांगायचं. सावंत बाईंच्या सासूबाई खूप म्हाताऱ्या, पण कान तिखट. बाईंनी रोज एसटीत बसून वाक्यं जुळवली. शेवटी एका संध्याकाळी धीर करून सांगितलं, की शाळेतल्या लोकांबरोबर पणजीला जेवायला जातेय.

सासूबाईंनी विचारलं, इतक्या लांब जेवायला, म्हणजे तिथे असं काय आहे? बाईंना खोटं बोलता येत नाही. त्यांनी हळूच वाइनचं नाव घेतलं आणि मान खाली घातली.

“वायन?” सासूबाई म्हणाल्या. “ह्यो झालो तेव्हा सुईणीन माका दिलेली, चमचो चमचो. बरी आसता. तांबडी घे.”

‘ह्यो’ म्हणजे बाईंचे यजमान. ते समोरच पेपर वाचत बसले होते. आपल्या जन्माची ही बाजू त्यांना त्या दिवशी कळली.

* * *

मग दीपालीच्या मनात आलं की तिथे जाऊन आपण गावंढळ दिसायला नको. ग्लास कसा धरायचा, कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, याची तालीम करायची तिनं ठरवलं. घरून काचेचे ग्लास आणले. वाइनच्या जागी मी मिठबावहून, म्हणजे माझ्या सासरहून आलेलं कोकम सरबत आणलं.

शाळा सुटल्यावर स्टाफरूममध्ये आम्ही चौघं ग्लास उजेडाकडे धरून उभे होतो. लाल रंग, चार शिक्षक, आणि दारात हेडमास्तर.

परब सरांनी कसंबसं सांगितलं, “कोकम आहे, सर.”

हेडमास्तर आत आले. त्यांनी माझ्या हातातला ग्लास घेतला. तळाशी दोन बोटांत धरून असा सफाईनं फिरवला की सरबताचा एक थेंबही वर उडाला नाही. नाक आत घालून वास घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि ग्लास परत माझ्या हातात दिला.

“पहिली नोकरी नाशिकला होती माझी,” ते म्हणाले आणि निघून गेले.

* * *

तारीख ठरवणं सगळ्यात अवघड गेलं. एका आठवड्यात सावंत बाईंच्या गावची जत्रा, दुसऱ्यात परीक्षेचे पेपर, तिसऱ्यात दीपालीच्या नणंदेचं डोहाळजेवण. एकदाचा शनिवार-रविवार मिळाला, तर परब सर म्हणाले की शनिवारी ते मासे खात नाहीत. मासे नाहीत, मटण नाही, अंडंही नाही.

म्हणून टेबल सांगायचा फोन त्यांच्याकडेच दिला. शनिवारी भाजीचं काही मिळेल का, तेही विचारून घ्या, असं सांगितलं.

सरांनी सुरुवात अगदी ऑफिसच्या मराठीत केली. पलीकडून आंटी कोंकणीत बोलल्या. दोन वाक्यांत सर मालवणीवर आले. मग खुर्ची ओढून बसले. आंटींची शेजारीण खतखतं चांगलं करते, त्या तिला सांगतील, हे ठरलं. खतखतं म्हणजे सगळ्या भाज्यांची तिरफळ घालून केलेली आमटी, ती आपल्याकडे कशी करतात यावर चर्चा झाली. आंटींचा गुडघा, आमच्याकडचे काजू, दोन्हीकडचा पाऊस, सगळं झालं. तास भरला, मुलं वर्गात दंगा करायला लागली, तेव्हा सरांनी फोन ठेवला. चेहरा फुललेला.

“खूप बरी बाई,” ते म्हणाले.

दीपालीनं विचारलं, टेबल कितीचं मिळालं?

सरांनी पुन्हा फोन लावला.

* * *

निघालो दीपालीच्या गाडीनं. वाटेत आरोंद्याला तिच्या माहेरी फक्त चहा घ्यायचा ठरला होता. तिचे बाबा खाडीच्या बाजूच्या माडांखाली आमची वाट बघत उभे होते. आत पानं मांडलेली. घावणे, चटणी, नारळाच्या रसातल्या शिरवाळ्या, म्हणजे तांदळाच्या शेवया. सरांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं मुद्दाम वेगळं.

दीपाली वैतागली. आम्ही पणजीत जेवायला चाललोय आणि तुम्ही इथेच पोट भरताय, असं तिनं बाबांना ऐकवलं. बाबा शांतपणे वाढत राहिले.

“गो बाय, थंय बशी येवढी मोठी आणि जेवण इतकुसां,” ते म्हणाले. “माका म्हायत आसा.”

त्या रात्री आंटींनी पहिली बशी समोर ठेवली. पांढरीशुभ्र, परातीएवढी. मधोमध एक कोळंबी. सावंत बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी दीपालीकडे. दीपालीनं बाबांना फोटो पाठवला.

पुढची पानं मात्र भरलेली आली. खतखतं तर शेजारीण स्वतः घेऊन आली आणि सर पहिला घास घेईपर्यंत उभी राहिली.

* * *

आता परब वहिनींबद्दल सांगायला हवं. सरांच्या पत्नी. आदल्या वर्षी त्यांना मोठं आजारपण आलं. गळ्याचं. उपचार झाले, त्या बऱ्या झाल्या, पण तोंडाची चव गेली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, वाट बघा. वहिनी स्वयंपाक करत होत्या, पण नुसत्या सवयीनं. मीठ सर बघायचे. काही खाल्लं की वहिनी एकच सांगायच्या, कागद चावल्यासारखं लागतं. पुढे पुढे तेही सांगेनाशा झाल्या. सरांनी आम्हाला हे एकदाच सांगितलं होतं, आणि आम्ही परत विचारलं नव्हतं.

सर स्वतः पीत नाहीत. त्या रात्री त्यांनी प्रत्येक ग्लासचा फक्त वास घेतला. जेवण संपल्यावर ते उठून आंटींकडे गेले आणि विचारलं, यातली सगळ्यात आंबट कुठली?

आंटींना नवल वाटलं. लोक गोड मागतात, त्या म्हणाल्या. आंबट कशाला?

“घराकडे न्हेवची आसा,” सर म्हणाले. “डॉक्टराक इचारलंय. चमचोभर चलता.”

आंटींनी आत जाऊन एक छोटी बाटली भरून आणली, कापडात गुंडाळली आणि सरांच्या हातात दिली. रविवारी परतीच्या वाटेवर सरांनी ती दोन्ही हातांत धरली होती. गाडीत पिशव्यांना भरपूर जागा होती.

सोमवारी सर शाळेत आले. डबा कपाटात ठेवला, खडू घेतला, हजेरीवर सही केली. आमच्यापैकी कोणाचाही विचारायचा धीर होईना. सावंत बाई उगाचच जुने पेपर चाळत होत्या.

सर दारापर्यंत गेले आणि थांबले. आमच्याकडे पाठ होती.

“काल चमचोभर दिलंय,” ते म्हणाले.

सावंत बाईंनी हातातले पेपर खाली ठेवले.

“तोंड वाकडां केल्यान. आणि माकाच ओरडली, ह्यां काय आंबटढाण हाडलास म्हणान.”