नमस्कार एकदाच

आमच्या पेठेतल्या वाचनालयात एक चर्चाफलक होता. कोणीही प्रश्नाची चिठ्ठी टाचणीने लावावी आणि ज्याला ठाऊक असेल त्याने उत्तराची लावावी, अशी साधी व्यवस्था. दुपारची वेळ स्त्रियांची, संध्याकाळची पुरुषांची; त्यामुळे समोरासमोर कधीही न बसणारी माणसे या फलकावरच काय ती एकमेकांशी बोलत. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन मी पुढच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास तिथे करत असे.

हा फलक महिनाअखेरीस काढून तिथे चषकांचे कपाट ठेवायचे, असे कार्यवाहांनी ठरवले. ते निवृत्त शिक्षक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणत.

“कुणी वाचत नाही तो पसारा,” ते म्हणाले.

हे निदान मला पटले नाही. फलक गेला असता, तर दुपारच्या बायकांचा संध्याकाळच्या जगाशी असलेला एकमेव संवाद तुटला असता. महिनाअखेरपर्यंत फलक सुधारून पाहण्याची परवानगी मी मागितली आणि आधी निरीक्षण करायचे ठरवले.

माझी वहिनी करमाळ्याची. बोअरच्या पाण्यात तूरडाळ शिजत नाही, काय करावे, असा प्रश्न तिने लावला होता. मी तिला फलकासमोर नेले, उत्तर शोधायला सांगितले आणि मुद्दाम मदत केली नाही. फलक उंच पुरुषाच्या बेताने टांगलेला. वहिनी टाचा उंचावून दोन-तीन चिठ्ठ्या उचलून पाहून थांबली.

“बघा वन्सं, आपल्याला कोण उत्तर देतंय. लई हौस तुम्हाला.”

मी सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या. उत्तर होते, आणि ते बऱ्याच दिवसांपासून तिथे होते.

दोष वाचकांत नव्हता, रचनेत होता. जागेअभावी चिठ्ठ्या उलट्या रचलेल्या कौलांसारख्या एकीवर एक चढत. प्रत्येकीचा फक्त वरचा भाग दिसे. आणि आपल्याकडे वरच्या भागात काय असते? आधी ‘श्री’, मग ‘सर्व वाचक बंधुभगिनींस सप्रेम नमस्कार वि. वि.’ मुद्दा त्याखाली झाकलेला. अख्खा फलक केवळ नमस्कार करत उभा होता.

नमस्कार वगळून थेट प्रश्नाने सुरुवात करावी, असे मी सुचवताच गुरुजींच्या कपाळाला आठी पडली.

“नमस्कार न करता बोलायला लागायचं? नळावरचं भांडण आहे का ते?”

मला प्रथम राग आला. मग लक्षात आले की ही हरकतही निरीक्षणात धरली पाहिजे. नम्रपणा लोकांना हवाच होता, फक्त तो जागा अडवत होता.

“मग सर्वांच्या वतीने एकच नमस्कार फलकाच्या माथ्यावर रंगवू. खाली प्रत्येकाने मुद्द्यापासून लिहावं.”

गुरुजींनी चष्मा सारखा करून फलकाचा माथा न्याहाळला. “रंगवतो मी,” ते म्हणाले. “तुझं अक्षर पाहिलंय.”

फलक मी हातभर खाली घेतला. प्रत्येक प्रश्नाला स्वतंत्र खिळा दिला आणि त्याची उत्तरे त्याच्याखाली हातमागाच्या सुताने एकाखाली एक लोंबकळत ठेवली. कोणते उत्तर कोणत्या प्रश्नाचे, हे आता दारातून कळत होते.

वहिनीच्या खिळ्याला जुने उत्तर लटकले: ‘पाणी आधी उकळून निवू द्यावे. तळाला पांढरा साका बसेल. वरचे पाणी डाळीला घ्यावे.’ दोन दिवसांनी तिने खाली जोडले: ‘डाळ शिजली. पण हे तुम्ही स्वतः करता, की घरात सांगून मोकळे होता?’

संध्याकाळी उत्तर आले: ‘स्वतः करतो. बायको विड्या वळते, चूल माझ्याकडे. तिला विचारा, ती नावे ठेवील.’

दुसऱ्या दिवशी दुपारी बायका त्या एका खिळ्याभोवती हसत उभ्या होत्या. कोपऱ्यात पुस्तक उघडे ठेवून मी ते हसणे ऐकत होते. परीक्षेतल्या कोणत्याही गुणांनी मला इतके ताठ बसवले नव्हते.

महिनाअखेरीस हातगाडीवरून कपाट आले. हमालांनी कुठे ठेवायचे म्हणून विचारले. चष्मा कपाळावर सरकवून गुरुजी खालच्या ओळीतली चिठ्ठी वाचत होते. त्यांनी मान वळवली नाही.

“व्हरांड्यात,” ते म्हणाले. “आणि उजेड सोडा जरा.”