भिंतीतून येऊ नये

मुळशीच्या धरणात बेटं आहेत असं सांगितलं, की पुण्याची माणसं आधी हसतात आणि मग विचारतात, "कधी जायचं?" पावसाळ्यात ही बेटं चार असतात. ते बुडालेल्या डोंगरांचे माथे. वैशाखात पाणी उतरलं की त्यांची आठ-नऊ होतात. एका बेटावर कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं आहे आणि दोन माणसं जेमतेम बसतील एवढं लेणं आहे. दुसऱ्यावर देवळाचा चौथरा आहे. सगळ्यात सखल आणि सगळ्यात उशिरा वर येणारं बेट म्हणजे जुन्या गावाची पांढर, गावठाणाची जागा. तिथं वीरगळ आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या कुणाच्या आठवणीसाठी उभा केलेला कोरीव दगड. हजारभर वर्षांपूर्वीचा असावा, असं जाणकार सांगत.

सत्तरचं दशक संपत आलं तेव्हा मी धरणाच्या काठावरच्या शाळेत मास्तर होतो. माझा जन्म पौडच्या बाजारपेठेतला. वडिलांचं कापडाचं दुकान होतं. त्याआधी आजोबांचं तेल-मिठाचं दुकान त्या बुडालेल्या गावात होतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. वडील त्याबद्दल बोलत नसत. मीही विचारत नसे. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला दुसऱ्यांच्या इतिहासात फार रस असतो. स्वतःचा त्याला जरा गावंढळ वाटतो.

काठावर येऊन राहिलेल्या घरांची मात्र एक रीत होती. पांढर वर आली की घरटी दोन-चार माणसं होडीनं तिकडे जात. भिंती कधीच विरघळून गेलेल्या, राहिली होती ती दगडी जोती. प्रत्येक घर आपापलं जोतं शेणानं सारवी, तीन दगडांची चूल मांडी, एक वेळचं जेवण रांधी, पहिला घास वीरगळापुढे ठेवी आणि जेवून परत येई. त्या दिवशी कुणी कुणाच्या जोत्यावर भलतीकडून चढायचं नाही. जिथं उंबरा होता तिथूनच आत जायचं. पोरं धावताना चुकली की पाठीत धपाटा बसे : "भिंतीतनं कुटं घुसतुयास?" मी हे ऐकलं होतं आणि स्टाफरूममध्ये त्यावर एक-दोन विनोदही केले होते. ते चांगले झाले होते, म्हणून अजून लक्षात आहेत. इथे देत नाही.

अशा एका वैशाखात शहरातून इतिहासप्रेमी मंडळींची एक समिती आली. वीरगळ उचलून शहरातल्या एका नव्या सभागृहाच्या बागेत बसवायचा त्यांचा बेत होता. अनावरणाला मोठा पाहुणाही ठरला होता. दगड तेवढा यायचा राहिला होता. त्यासाठी पंचनामा हवा. माझं अक्षर चांगलं, म्हणून तो लिहायला मला बोलावलं. माझ्या अक्षरानं मला आयुष्यात पुष्कळ ठिकाणी नेऊन अडकवलं आहे.

सकाळी लाँच निघाली. समितीचे अध्यक्ष, त्यांचे तीन सहकारी, फोटोग्राफर, तलाठी आणि मी. बरोबर हार, नारळ, कापडी फलक आणि सहा घडीच्या खुर्च्या. इतिहासाला भेटायला जाताना खुर्च्या न्याव्या लागतात, हे मला तेव्हा कळलं. अध्यक्षांनी रुंद काठाची टोपी घातली होती. पुण्याहून दोन-तीन तासांच्या वाटेवर आहोत असं त्यांच्याकडे पाहून वाटत नव्हतं. आता नवा खंडच लागणार, अशा नजरेनं ते पाण्याकडे बघत होते.

लेण्याच्या बेटावर त्यांनी भाषण केलं. ऐकायला आम्हीच होतो. मग पांढरीवर आलो. तिथं पाच-सहा चुली पेटल्या होत्या. बायका भाकऱ्या थापत होत्या, पोरं गल्लीतून पळत होती. गल्ली दिसत नव्हती, पण पोरं तिच्यातूनच पळत होती. अध्यक्ष वीरगळापाशी उभे राहिले आणि म्हणाले, "मित्रहो, या निर्मनुष्य बेटावर..." इतक्यात वारा फिरला, शेजारच्या चुलीचा धूर त्यांच्या तोंडावर आला आणि त्यांना जोराचा ठसका लागला. एका बाईनं लगबगीनं तांब्या आणून दिला. पाणी पिऊन त्यांनी वाक्य पुढे चालू ठेवलं.

त्यांच्यावर अन्याय करायचा नाही. दगड त्यांना कळत होता. खिशातला पांढराशुभ्र रुमाल काढून त्यांनी त्यावरचं तेल पुसलं आणि बोटानं दाखवलं. सगळ्यात खाली गुरं, आडवा पडलेला वीर. त्याच्या वर त्याला उचलून नेणाऱ्या अप्सरा. त्याच्या वर पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच वीर. आणि अगदी टोकाला चंद्र-सूर्य. "गुरं राखताना मेलेला साधा माणूस," ते म्हणाले. त्यांचा आवाज तेवढ्यापुरता भाषणाचा राहिला नव्हता. मला ते त्या क्षणी आवडले.

दगड जरा कलला होता, आणि पहारी-दोर काठावरच राहिल्याचं तेव्हा ध्यानात आलं. लाँच ते आणायला आणि चार मजूर घेऊन यायला परत पाठवली. जेवणाचे डबे लाँचमध्येच होते. हे ध्यानात यायला आणखी तासभर लागला.

दोन वाजता ऊन असं होतं की खुर्च्यांच्या लोखंडी दांड्यांना हात लावता येईना. सावली एकच होती. वीरगळाच्या समोरच्या जोत्यावर चार काठ्यांना घोंगडी बांधलेली. तिथं एक म्हातारी चुलीपुढे बसली होती. गाव उठलं तेव्हा ती आठ-दहा वर्षांची असेल. सगळे तिला मावशी म्हणत. तिनं हाक मारली, "ओ सायेब, उन्हात का वाळताय? या, भाकरी खावा."

अध्यक्ष उठले आणि सरळ जोत्यावर चढले.

"आं आं! भिंतीतनं येतासा व्हय?"

ते थबकले. समोर भिंत नव्हती. समोर मावशी होती.

"दार तिकडं हाय," तिनं पिठानं माखलेला हात तिकडे केला. "आणि पायताण भाईर. सारवलंय."

एक सहकारी हसायला लागला. अध्यक्ष हसले नाहीत. ते उतरले, वळसा घालून गेले, उंबऱ्याचा झिजलेला दगड होता तिथं त्यांनी बूट काढले.

"वाकून या. दार ठेंगणं हाय. माझा बा लई येळा टाळकं आपटायचा."

आणि ते वाकले. टोपी हातात घेऊन, भर उन्हात, वर मोकळं आभाळ असताना ते वाकून आत आले. त्यांना घरचं वळण चांगलं होतं, एवढंच याचं कारण. मागोमाग सहकारीही वाकले; हसणारा जरा जास्तच वाकला.

तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, बुक्कीनं फोडलेला कांदा. ते पोटभर जेवले. मी मात्र बाहेरच उभा होतो. घाबरट माणूस असं काही पाहिलं की तटस्थ होतो आणि त्याला अभ्यास म्हणतो. मी गल्लीपलीकडच्या एका मोकळ्या जोत्यावर, चपला घालून, हाताची घडी घालून उभा होतो.

"मास्तर," मावशी म्हणाली, "घरात चपला घालून उभं ऱ्हायची रीत पौडाला हाय का?"

"कुणाच्या घरात?"

"तुमच्याच. तुमच्या आज्याचं दुकान ते. हितनं गूळ न्यायची मी, पदरात बांधून. तुमचा आज्जा वर एक खडा फुकट हातावर ठिवायचा, खायाला." मग बाकीच्यांकडे वळून, "ह्यो बी भिंतीतनंच गेला बगा. शिकल्याली मानसं."

सगळे हसले. मी खाली उतरलो. काय करावं ते कळेना म्हणून चपला काढून हातात घेतल्या.

जेवणं झाल्यावर पंचनामा निघाला. तो शहरातूनच टंकलिखित होऊन आला होता : 'सदर पाषाण निर्मनुष्य बेटावर बेवारस स्थितीत आढळला, सबब तो हलविण्यास कोणाची हरकत नाही.' खाली चतुःसीमेची जागा तेवढी कोरी होती. ती मी भरायची, आणि दोन पंचांनी अंगठे द्यायचे. पंच म्हणून तलाठ्यानं मावशी आणि गावकऱ्यांना घेऊन आलेला होडीवाला यांना गाठलं.

"वाचून दावा आदी," मावशी म्हणाली.

मी वाचलं. शाळेत वाचतो तसं, स्पष्ट.

"बेवारस मंजी?"

"ज्याला कोणी नाही, ते."

तिनं अध्यक्षांकडे पाहिलं. रागानं नाही. पाहुण्याकडे पाहावं तसंच. "सायेब, तुमी आत्ता जेवलासा कुणाच्यात?"

मग अध्यक्ष सावरून म्हणाले, आणि ते खोटं बोलत नव्हते, "आजी, हा दगड दरवर्षी नऊ-दहा महिने पाण्यात असतो. तो झिजतोय. अजून काही वर्षांनी यावरचं काही दिसणार नाही. शहरात तो जपला जाईल."

"झिजंल की. आमी बी झिजतोय. आमाला न्या मग बागंत." होडीवाला फसकन हसला. ती हसली नाही. "त्यो आमच्या गुरांपायी मेला. आमची घरं बुडाली, त्यो जाग्याव ऱ्हायला. आता आमी त्याला दुसऱ्याच्या दारात हुबं करू? अंगठा न्हाई देनार."

"आपन बी न्हाई," होडीवाला म्हणाला.

अध्यक्षांनी तलाठ्याकडे पाहिलं. तलाठी आभाळाकडे पाहून म्हणाला, "पंचांशिवाय पंचनामा होत नाही साहेब."

"मास्तर, तुम्ही निदान चतुःसीमा भरा," अध्यक्ष म्हणाले. "पंच काठावर कोणीही मिळतील."

मला शौर्याची सवय नाही. त्या वयात माझं सगळं बंड वाचनालयाच्या पुस्तकांच्या समासात, पेन्सिलीनं चाललेलं असे. पण चतुःसीमा लिहिणं हे माझं काम होतं, आणि चतुःसीमा खोटी लिहिता येत नाही. मी विचारत गेलो आणि लिहीत गेलो. पूर्वेस मावशीचं राहतं घर. पश्चिमेस सुताराचं घर व पडवी. उत्तरेस गावचा रस्ता. दक्षिणेस... इथं पेन जरा थांबलं. दक्षिणेस पंचनामा लिहिणाऱ्याच्या आजोबांचं दुकान. मग 'निर्मनुष्य' आणि 'बेवारस' या दोन शब्दांवर मी रेघ मारली. वळणदार अक्षरात लिहिणाऱ्याची रेघही सरळ येते.

अध्यक्षांनी कागद वाचला. "तुमच्या वरिष्ठांना कळवावं लागेल."

"कळवा," मी म्हणालो. "पण जेवणाचा उल्लेख राहिला आहे. 'समितीने पूर्वेकडील घरात दारातून प्रवेश करून भोजन केले,' असं लिहू का?"

त्यांचे कान लाल झाले. उन्हानंही असेल.

तेवढ्यात लाँच आली. पहारी खांद्यावर टाकून चार मजूर उतरले. ते काठावरच्याच वस्तीतले. रोजावर मिळाले ते आणले होते. कुठं जायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. गल्लीनं आले, वीरगळाला हात लावून तो कपाळाला लावला आणि थेट आपापल्या घराच्या चुलीकडे गेले. अध्यक्षांनी दोनदा हाक मारली. "आलो की सायेब, घरी येऊन तोंडात घास न्हाई," एकानं भाकरी मोडत उत्तर दिलं.

जेवून ते आले. मावशी दगडापाशीच जाऊन बसली होती. तिनं पहारीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आनल्यासा तर सरळ करा त्याला. लई दिस कललाय." त्यांनी बुडाशी खणलं, पहारी लावल्या, चौघांनी जोर केला आणि दगड सरळ उभा केला. भोवती दगडगोटे ठोकून बसवले. अध्यक्षांनी रुमालानं पुसलेल्या जागी मावशीनं पुन्हा तेल लावलं, अप्सरांसकट. अध्यक्ष सगळं होईपर्यंत उभे होते. शेवटी त्यांनी टोपी काढली. नमस्कार केला की घाम पुसला, ते मी पाहिलं नाही. पाहायला हवं होतं.

महिनाभरानं मला खुलाशाचं पत्र आलं : सरकारी कागदात खाडाखोड का केली? मी चतुःसीमा पुन्हा लिहून पाठवली, या वेळी न खोडता. पुढच्या सत्रात माझी बदली घाटाच्या टोकाच्या शाळेत झाली, जिथं पावसाळ्यात पोस्टमनही येत नसे. दगड मात्र हलला नाही.

पुढच्या वैशाखात मी पौडला गेलो आणि वडिलांना म्हटलं, "पांढर वर आलीय. चला." ते कापड मोजत होते. मोजून झालं, घडी घातली, गिऱ्हाईक गेलं.

"मी येत नाही," ते म्हणाले. आणि मी पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला, "दार उगवतीला होतं. डाव्या अंगाला एक पायरी तुटकी होती. बघून."

मावशीनं शेणाची पाटी उसनी दिली. सारवण मला जमत नव्हतं, तिनं नावं ठेवून ठेवून शिकवलं. मग हात धुऊन मी खाली उतरलो, गल्लीनं वळसा घालून उगवतीकडे गेलो आणि पायरी शोधली. ती डाव्या अंगालाच होती, तुटकीच होती. चपला बाहेर काढून मी आत गेलो.