सारसोळ्याच्या मावशीचा नवस

"डोला बग, मास्तर, डोला!"

मासा हातात घेतला की मावशी आधी कल्ला उचलून आतला लाल रंग दाखवायची, मग माशाचं तोंड माझ्याकडे वळवायची आणि हे म्हणायची. मी साताऱ्याकडचा, मटणावर वाढलेला. माशाच्या डोळ्यात काय पाहायचं हे मला कधीच कळलं नाही. पाहिल्यासारखं करून मी मान हलवायचो. तिला ते कळायचं, आणि हसत हसत ती दोन मांदेल्या जास्त टाकायची.

खरं तर मी मास्तरही नाही. नेरुळच्या एका शाळेत कारकुनी करून निवृत्त झालो. हे तिला सांगितलं, तर म्हणाली, "शालेत व्हतास ना? मंग मास्तरच." ती सगळ्या गिऱ्हाइकांना अरेतुरे करायची. आमच्या सोसायटीच्या चेअरमनलाही. अशी एखादी मासेवाली तुमच्याही बाजारात असेल. तिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं मी तरी पाहिलं नाही.

तिचा नवरा खाडीत मासेमारी करायचा. त्याच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. त्या दिवशी तिची जागा रिकामी असायची. परत आली की मासा कापताना हात चालायचा, तोंड गप्प असायचं.

मग एकदा म्हणाली, "मी प्रार्थनेला जाते आता. येशूच्या."

मी गोंधळलो. गावदेवीची पालखी निघाली की सगळ्यांच्या पुढे नाचणारी बाई ही. मी विचारलं, "मग देवी?"

"देवी हाय की. ती कुठं जाते?"

तिच्या मुलालाही हे उमगत नव्हतं. तो तिच्या तोंडावर म्हणाला, "आये, तू नक्की कोनाची?" ती मासळीवर बर्फ टाकत राहिली. मला मात्र नंतर सांगितलं. इस्पितळात ती तासन्‌तास जिन्यावर बसून असायची. तिथे एका बाईची ओळख झाली. तिचाही नवरा त्याच वॉर्डात होता. तिने हिला प्रार्थनेला नेलं. एका दुकानावरचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक पेटीवाला. "मना खुर्ची दिली, मास्तर. आनि इचारलं, जेवलीस का. वरीस झाला, मना कोनी इचारला नव्हता." एवढं बोलून तिने डोळे पुसले. मला माझीच लाज वाटली. वर्षभर मी तिला फक्त बोंबलाचा भाव विचारत होतो.

तिथल्या लोकांनी तिला त्यांचं पुस्तक, मराठीतलं बायबल, दिलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडे आलं. दुपारी बाजार ओस पडला की मी बर्फाच्या खोक्यावर बसून दोन पानं वाचायचो. येणारेजाणारे माझ्याकडे बघायचे. "काका, तुम्ही पण?" असं आमच्या सोसायटीतल्या एकाने विचारलं. मी नेमका काय होतो हे मलाही सांगता आलं नाही. त्या गोष्टींत येशूचे निम्मे सोबती मासेमारी करणारेच निघाले, तेव्हा तर मावशीने बाजूच्या बाईला हाक मारून सांगितलं, "आयकलास का? आमच्यातलेच हायेत!"

नवऱ्याची तब्येत उतरायला लागली तशी तिने नवस बोलला. नवरा बरा होईपर्यंत मासा तोंडात घालणार नाही. आता ही नेरुळलगतच्या सारसोळे गावची कोळीण. मासा सोडणं म्हणजे आपण भाकरी सोडण्यासारखं. तिथल्या पास्टरांनी तिला समजावलं, की आमच्यात नवस नसतो, देवाशी असा व्यवहार करायचा नसतो. ती मला म्हणाली, "त्यांना काय म्हाईत? द्यायचा काय नाय, तर मागायचा कोनच्या तोंडानं?" मला दोघांचंही पटलं.

चार महिने तिने वरण-भात खाल्ला. बारीक झाली. बाकी वाचन सुरूच होतं. येशूला पकडून नेतात आणि त्याचाच एक जवळचा गडी शेकोटीपाशी उभा राहून तीन तीनदा म्हणतो, मी याला ओळखत नाही, इथवर आलो होतो. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. नवरा गेला होता.

दहावं-बारावं गावच्या रीतीनं झालं. प्रार्थनेच्या बायकाही आल्या आणि ओटीवर बसून राहिल्या. महिन्याभराने मावशी पुन्हा बाजारात बसली. पण आता ती कल्ला उचलत नव्हती. मासा उचलायची, कापायची, पिशवीत टाकायची. मला वाटलं, नवरा गेल्याचं दुःख आहे. एका दुपारी तिने सांगितलं.

"माज्यानं मेला तो."

शेवटच्या आठवड्यात नवऱ्याने बोंबलाचं कालवण मागितलं होतं. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी सांगितलेलं. जास्त पडलं नाही ना, हे बघायला तिने सवयीनं तळहातावर कालवणाचा थेंब घेऊन चाटला. चाटल्यावर तिला नवस आठवला. आठ दिवसांत तो गेला. अजूनही तिने माशाला तोंड लावलेलं नव्हतं.

मी काय बोलणार? नवस खोटा होता म्हणावं, तर चार महिन्यांची तिची तपश्चर्याही खोटी ठरते. खरा म्हणावं, तर नवऱ्याचं मरण तिच्या माथी बसतं. पास्टरांनी तिला क्षमा असते म्हणून सांगितलं होतं. "क्षमा केली असंल," ती म्हणाली, "पन मानूस तं गेला ना." मी पुस्तक उघडलं आणि पुढचं वाचायला लागलो.

येशू मरतो, पुन्हा उठतो. त्याचे सोबती इकडे रात्रभर जाळं टाकून बसलेले, एक मासा नाही.

"भरती बगितली नसंल," मावशी पुटपुटली. नवरा गेल्यापासून धंद्याचं पहिल्यांदाच बोलली.

पहाटे काठावर एक माणूस उभा असतो. तो सांगतो तिथे जाळं टाकतात तर ते फाटेल एवढं भरतं. ओढत काठाला येतात, तर त्याने निखारे पेटवून त्यावर मासा भाजत ठेवलेला. भाकरही असते. तो सगळ्यांना खायला बोलावतो. येशूच असतो तो.

मावशीचा कोयता थांबला. "तो पन व्हता? वलखत नाय म्हनला तो?"

"होता."

"त्याला पन दिला मासा?"

मी ओळीवर बोट ठेवून पुन्हा पाहिलं. "सगळ्यांना दिला, असंच आहे."

तिने कोयता खाली ठेवला. पदराने तोंड झाकून रडली, बाजूच्या बायका बघत राहिल्या. मग नाक पुसून म्हणाली, "सोताच्या हातानं भाजून घातला. म्हंजे मिठाला त्यानं पन चाखलाच असंल. चाखल्याबिगर कोन कोनाला घालतो?"

त्या संध्याकाळी उठताना तिने दोन बांगडे गिऱ्हाइकाला न देता आपल्या पिशवीत टाकले.

गेल्या वर्षी तिच्या मुलाने पनवेलजवळ करंजाड्याला फ्लॅट घेतला आणि तो तिला घेऊन गेला. तिच्या जागेवर आता दुसरीच बाई बसते. जाताना पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेली, मास्तर वाचतो म्हणून. त्यातला तो काठावरचा भाग मी पुष्कळदा वाचून पाहिला. चाखल्याचं त्यात कुठेच लिहिलेलं नाही. मावशीचा अधूनमधून फोन येतो, पण हे मी तिला सांगितलेलं नाही.