काकांचा काढा

वडिलांच्या स्वादुपिंडात कॅन्सरची गाठ निघाली. लातूरचे डॉक्टर म्हणाले, आधी तीन-चार औषधांची केमो देऊन गाठ आकसू द्यायची, मग ऑपरेशन, नंतर पुन्हा केमो. हे ऐकून चाकूरचे काका भडकले. "इतकी औषधं एकदम? माणसाला झेपतील का? सरळ कापून काढा अन् मोकळं व्हा." हेच काका कीटकनाशकांचा दुकानदार सांगेल ती तीन औषधं एकाच पंपात कालवून सोयाबीनवर मारतात आणि पिकाला झेपतं का, हे कधी विचारत नाहीत. भावकीत डॉक्टर व्हायला शिकावं लागत नाही, नुसतं भेटायला यावं लागतं.

केमो झाली, ऑपरेशन झालं, वडील घरी आले. नंतरची केमो बाकी होती. काका आले ते हिरव्या काढ्याची बाटली घेऊनच.

"केमो सोडा दादा, हे घ्या. मुळापासून जातंय."

वडिलांनी विचारलं, "दिलं कुणी?"

"आपल्या फवारणीच्या दुकानदारानं. लई गुणाचं हाय."

वडिलांनी बाटली उजेडात धरून बघितली आणि काकांच्या हातात परत दिली.

"आधी तुझ्या सोयाबीनवर मारून बघ."